शितावरून सिनेमाची परीक्षा

मुलं सिनेमा काढतात. पहिली दोन मिनिटं तयार झाली की आईला दाखवतात आणि विचारतात, "कसं झालंय?" अशा वेळी काय पाहावं आणि काय बोलावं?

मैत्रिणींनो, कॉलेजात जाणारं मूल घरात असलं की केव्हा कशाची मागणी येईल याचा नेम नाही. कधी आजोबांचा जुना कोट हवा असतो, कधी लाल ओढणी, तर कधी दुपारभर बाहेरची खोली रिकामी हवी असते. कारण विचारावं तर उत्तर येतं, "सिनेमा काढतोय." आणि सिनेमा म्हणजे बहुतेक वेळा सुपरहिरोचाच! पूर्वीची मुलं पाठीला टॉवेल बांधून गच्चीवर सुपरमॅन व्हायची. आता प्रत्येकाच्या हातात फोन आणि फोनात कॅमेरा. टॉवेलाचा सिनेमा व्हायला कितीसा वेळ लागणार?

तुम्ही म्हणाल, हे सारे रिकामपणचे उद्योग! पण जरा थांबा. इंग्लंडात हा रीतसर अभ्यासाचा भाग आहे. तिथे 'मीडिया स्टडीज' हा विषय सोळा-सतरा वर्षांची मुलं, म्हणजे आपल्याकडची अकरावी-बारावीची मुलं घेतात. ओ.सी.आर. नावाच्या तिथल्या परीक्षा मंडळाने २००८ पासून जो अभ्यासक्रम चालवला, त्यात पहिल्या वर्षाला नेमकं हेच काम होतं. एका नव्या काल्पनिक सिनेमाची श्रेयनामावली आणि सुरुवात तयार करायची, जास्तीत जास्त दोन मिनिटांची. एका गटात फार तर चार जणं. सगळी दृश्यं आणि आवाज स्वतःचे. बाहेरून घ्यायचं तर फक्त ज्याच्यावर कुणाचा हक्क नाही असं संगीत किंवा ध्वनी. २०१७ पासून तिथे नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि हा मागे पडला. पण त्याची जी घडी बसवलेली होती ती इतकी शहाणपणाची आहे, की घरोघरी असले सिनेमे निघत असताना आपण आयांनी ती समजून घ्यावी असं मला वाटतं.

गुणांची वाटणीच पाहा ना. एकूण गुण १००. प्रत्यक्ष चित्रण आणि जोडणीला ६०. आधीचा अभ्यास आणि तयारी यांना २०. आणि सगळं झाल्यावर स्वतःच स्वतःच्या कामाची परीक्षा करायची, त्या मूल्यमापनाला २०. म्हणजे शंभरातले चाळीस गुण कॅमेरा हातात नसतानाचे! आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पुरणपोळी तव्यावर असते किती वेळ? खरी मेहनत डाळ निवडण्यापासून पुरण वाटण्यापर्यंतची, आणि खरी अक्कल पहिली पोळी फाटली की ती का फाटली हे ओळखण्याची.

पहिल्या दोन मिनिटांत काय असावं?

शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी सुरुवातीवरून सिनेमाची. पण मुलं इथेच फसतात. दोन मिनिटांत त्यांना सगळा सिनेमा कोंबायचा असतो. अपघात होतो, शक्ती मिळते, पोशाख चढतो, खलनायक येतो आणि मारामारीही उरकते! तो मग सिनेमा राहत नाही, सिनेमाची जाहिरात होते. सुरुवातीचं काम निराळं. पुढे कशा प्रकारची गोष्ट येणार आहे याचं वचन द्यायचं आणि पुढे काय होईल याची हुरहूर लावायची.

नावाजलेल्या चित्रपटांनी हे कसं केलं ते पाहण्याजोगं आहे. १९७८ चा 'सुपरमॅन' सुरू होतो तो चक्क पडदा बाजूला सरकण्याने. मग एक मूल चित्रकथेचं पुस्तक उघडून वाचू लागतं, आणि नंतर अवकाशातून सुसाट येणारी निळी अक्षरं आणि जॉन विल्यम्स यांचं संगीत. वचन कसलं? ही लहानपणीची गोष्ट आहे, हिच्यावर विश्वास ठेवा. १९८९ च्या 'बॅटमॅन'मध्ये कॅमेरा दगडी घळींतून अंधारात फिरत राहतो. कुठे आहोत हेच कळत नाही. शेवटी कॅमेरा मागे येतो तेव्हा उलगडतं, की ते सारं वटवाघळाचं चिन्हच होतं! एकही माणूस न दाखवता सिनेमाचा काळोखा स्वभाव सांगून झाला.

२००० सालच्या 'एक्स-मेन'ची सुरुवात तर १९४४ च्या पोलंडमध्ये, नाझींच्या छळछावणीत होते. पावसात एका मुलाची आईबापांपासून ताटातूट होते आणि त्याच्या आक्रोशाबरोबर लोखंडी फाटक वाकू लागतं. शक्ती कुठून आली याचं भाषण नाही. दुःखातून ती बाहेर पडताना आपण पाहतो. त्याच वर्षीच्या 'अनब्रेकेबल'मध्ये झगाही नाही आणि उडणंही नाही. एका दुकानात बाई नुकतीच बाळंत झालेली आहे, बाळ रडायचं थांबत नाही, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात येतं की जन्मतानाच बाळाचे हातपाय मोडलेले आहेत. कुणाही आईच्या पोटात धस्स व्हावं अशी ही सुपरहिरोच्या सिनेमाची सुरुवात.

आणि २०१० चा 'किक-अ‍ॅस' तर चक्क आपली थट्टा करतो. उंच इमारतीवर पंख लावलेला एक माणूस उभा, खाली लोक टाळ्या वाजवताहेत, तो ऐटीत झेप घेतो आणि थेट खालच्या टॅक्सीवर आदळतो! पहिल्या दोन मिनिटांतच प्रेक्षकाला कळतं, की इथे नेहमीचे नियम चालायचे नाहीत.

ही पाच उदाहरणं पाहिलीत? यांतल्या बहुतेकांत नायकाचा पोशाखही दिसत नाही. तेव्हा तुमच्या मुलाचा सारा जीव झग्यात अडकला असेल, तर त्याला हे जरूर सांगा.

दार उघडा, खुर्चीत बसा

त्या अभ्यासक्रमात मुख्य कामाआधी एक छोटा सराव असे. वाचून हसू येईल इतका साधा. एक व्यक्ती दार उघडते, खोलीतून चालत येते, दुसऱ्या व्यक्तीसमोर खुर्चीत बसते आणि दोघं एखाद-दुसरं वाक्य बोलतात. एवढंच! पण करायला बसलं म्हणजे कळतं, की यात तीन गोष्टी साधाव्या लागतात.

पहिली, हालचालीचा सांधा. बाहेरून घेतलेल्या शॉटमध्ये हात कडीवर गेला, तर आतल्या शॉटमध्ये तीच कडी तिथपासूनच फिरली पाहिजे. यासाठी युक्ती अशी, की दार उघडण्याची पूर्ण क्रिया दोन्ही बाजूंनी वेगवेगळी चित्रित करायची आणि जोडताना मधोमध कापायची. दोन कापडं जोडताना आपण शिलाईसाठी दोन्हीकडे माया सोडतो, अगदी तसंच.

दुसरी, बोलणाऱ्याचा शॉट आणि ऐकणाऱ्याचा शॉट आलटून पालटून दाखवणं. यात नवशिके फक्त बोलणाराच दाखवतात. खरी गंमत असते ती ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यात.

तिसरी, १८० अंशांचा नियम. नावाला घाबरू नका. तुम्ही आणि मुलगी टेबलाशी समोरासमोर बसला आहात. तुमच्या दोघींमधून एक रेघ ओढली आहे असं समजा. कॅमेऱ्याने रेघेच्या एकाच बाजूला राहायचं, पलीकडे जायचं नाही. तुमचा चेहरा एका बाजूने घेतला आणि मुलीचा दुसऱ्या बाजूने, तर पडद्यावर दोघी एकाच दिशेला पाहताना दिसाल. एकमेकींशी बोलताय असं वाटण्याऐवजी एस.टी.त पुढेमागे बसल्यासारखं वाटेल!

हा सराव ज्यांनी मन लावून केला त्यांचा सुपरहिरो पुढे नीट उडतो. ज्याला दारातून माणूस आत आणता येत नाही, तो आकाशातून काय आणणार?

चार मुलं आणि एक लाँड्री

आता एक गट कल्पनेने उभा करू. इंग्लंडातलं लहानसं गाव, चार मुलं, आणि त्यांतली एक मुलगी आपल्या मराठी घरातली. खर्चाला पैसे जवळजवळ नाहीत. गावात नाणी टाकून कपडे धुण्याची लाँड्री असते, रांगेने यंत्रं मांडलेली. तीच जागा मुलांनी निवडली. गोष्ट अशी: एक सोळा वर्षांची मुलगी दर आठवड्याला घरचे कपडे घेऊन तिथे येते. एक दिवस तिच्या लक्षात येतं, की आपण श्वास रोखला की भोवतालचं फिरणारं सगळं थांबतं. श्वास सोडला की पुन्हा सुरू.

यातली खुबी काय? शक्तीला मर्यादा आहे. माणूस किती वेळ श्वास रोखणार? १९८७ चा 'मिस्टर इंडिया' तुम्हाला आठवत असेलच. अदृश्य झालेला नायक लाल काचेतून वा लाल प्रकाशात मात्र दिसतो. ती लाल काच नसती तर त्या अदृश्यपणात जीव अडकला नसता. मर्यादेवाचून शक्ती म्हणजे मिठावाचून आमटी.

मग तयारी. चौकटी आखून प्रत्येक शॉटचं ओबडधोबड चित्र काढायचं. चित्रकला यायलाच हवी असं नाही, काड्यांची माणसं चालतात. शेजारी लिहायचं: शॉट जवळचा की लांबचा, किती सेकंदांचा, आवाज कुठला. १२० सेकंदांचा हिशेब महिन्याच्या खर्चासारखा बसवावा लागतो. दहा-बारा श्रेयनामं, प्रत्येकाला तीन-चार सेकंद, म्हणजे चाळीसएक सेकंद त्यांनाच. ती कोऱ्या काळ्या पडद्यावर उधळायची, की यंत्रांच्या गोल काचांवर आणि कपड्यांच्या घड्यांवर दाखवून गोष्टही पुढे न्यायची, हे आधीच ठरलेलं बरं. नावांचाही क्रम असतो. आधी निर्मितीसंस्था, मग कलाकार, सिनेमाचं नाव, पुढे तंत्रज्ञ, निर्माता, लेखक, आणि दिग्दर्शकाचं नाव सर्वांत शेवटी.

लाँड्रीच्या मालकाची लेखी परवानगी घ्यायची. गिऱ्हाइकं नसतील अशा सकाळच्या वेळी जायचं. वायरीला कुणी अडखळणार नाही, ओल्या फरशीवर कुणी घसरणार नाही, याची यादी करायची. सुपरहिरोच्या सिनेमात मुलांना उंचावर चढायची, तोंडावर मुखवटा आणि हातात खोटं पिस्तूल घेऊन रस्त्यावर धावायची भारी हौस. पिस्तूल खोटं आहे हे पाहणाऱ्याला थोडंच ठाऊक असतं? ते सरळ वगळावं. आणि कठड्यावर उभं राहण्याची परवानगी तर कुठल्याही आईने देऊ नये, सिनेमा राहिला तरी चालेल.

घरगुती चमत्कार

सगळी यंत्रं एकदम थांबली हे दाखवायचं कसं? खरोखर थांबवायची गरजच नाही. फिरणाऱ्या यंत्राचा जवळचा शॉट, मग थांबलेल्या यंत्राचा शॉट, असे चार. जोडले की झालं. खरा चमत्कार कानात होतो. इतका वेळ चाललेली घरघर एकदम तुटते, तेव्हा प्रेक्षक आपोआप पुढे झुकतो. पण 'तुटते' म्हणजे नुसती शांतता टाकून भागत नाही. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. म्हणून चित्रण संपल्यावर सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प उभं राहून तो रिकाम्या खोलीचा आवाज टिपून ठेवायचा. तो घातला नाही तर आवाज बिघडल्यासारखं वाटतं.

टेबलावर गरगरणारं नाणं मध्येच उभंच्या उभं थांबतं, हा दुसरा शॉट. नाण्याखाली मेणबत्तीच्या मेणाचा कण. खर्च शून्य!

आणखी काही युक्त्या सांगून ठेवते, उपयोगी पडतील. हातातली वस्तू खाली टाकायची आणि चित्रण उलटं चालवायचं, की वस्तू आपणहून हातात उडी मारते. उडणारा नायक हवा असेल तर भक्कम बुटक्या स्टुलावर उभं करून कॅमेरा जमिनीलगत ठेवायचा आणि मागे फक्त आकाश घ्यायचं. बाजूला पंखा लावला की झगा फडफडतो. झग्याला जाड सुती कापड घेऊ नका, ते ओल्या चादरीसारखं लोंबतं. हलकं, पण अगदी पारदर्शक नाही असं घ्यावं.

हिरव्या पडद्यापुढे चित्रण करून मागे हवं ते दृश्य बसवण्याची पद्धत मुलांना ठाऊकच असते. डिजिटल कॅमेऱ्यात हिरव्या रंगाचे संवेदक लाल-निळ्यांच्या दुप्पट असतात, म्हणून हिरवा रंग सोयीचा. पण मुलांना ठाऊक नसतं ते हे, की पडद्याला सुरकुत्या नकोत. प्रत्येक सुरकुतीची सावली पडते आणि त्या जागी काम फसतं. तेव्हा पडदा आधी कडक इस्त्री करून ताणून लावावा, उजेड सगळीकडे सारखा पडावा, आणि नायकाने पडद्याला चिकटून न उभं राहता चार पावलं पुढे उभं राहावं. अंगावर हिरवं काही नको, नाहीतर पडद्याबरोबर तेही गायब!

"मला वाटलं, वीज गेली"

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पाच आठवडे खपून मुलांनी दोन मिनिटं तयार केली. पहिली जोडणी मुलगी घरी घेऊन आली आणि आईसमोर ठेवली. आईने पाहिलं. समजलं काहीच नाही. पण पोरीचे डोळे तांबारलेले, रात्र रात्र जागलेली. अशा वेळी आपण काय म्हणतो? "छान झालंय हो!" आणि विषय संपतो.

मैत्रिणींनो, हे 'छान' फार महागात पडतं. मुलीला मनातून ठाऊक असतं, की कुठेतरी काहीतरी बिनसलंय. नेमकं कुठे, ते तिला दिसत नाही, कारण तिने ती दोन मिनिटं शंभरदा पाहिलेली असतात. गोष्ट तिला पाठ आहे. तिला हवे असतात ते कोरे डोळे, आणि ते घरात फक्त तुमच्याकडे आहेत. उलट, "हे काय खूळ!" म्हणून धुडकावलंत तर पुढच्या वेळी ती तुम्हाला दाखवायचीच नाही. मग करायचं काय? चांगलं-वाईट सांगूच नका. काय दिसलं ते सांगा.

आपल्या या कल्पनेतल्या आईने तेच केलं असं समजू. ती म्हणाली, "अगं, ती मुलगी तिथे बसली होती आणि मला वाटलं, वीज गेली. म्हणून यंत्रं थांबली."

बस्स! या एका वाक्याची किंमत दहा 'छान'पेक्षा जास्त आहे. मुलांनी आधी यंत्रं थांबलेली दाखवली होती आणि मुलीचे मिटलेले ओठ नंतर. कार्य आधी आणि कारण मागाहून. त्यांनी क्रम बदलला. आधी ओठ घट्ट मिटतात, श्वास आत घेतल्याचा आवाज, मग घरघर तुटते. छतावरचे दिवे मात्र तसेच लख्ख जळत असलेले एका लांबच्या शॉटमध्ये दाखवले, म्हणजे वीज गेल्याचा संशयच नको. शेवटी ती श्वास सोडते आणि सगळी यंत्रं एकदम सुरू होतात. तिथेच सिनेमाचं नाव. काळा पडदा.

नवं चित्रण लागलं ते फक्त दिव्यांच्या एका शॉटचं. बाकी सगळं काम क्रमाने केलं.

परीक्षकांचे सात प्रश्न

आता त्या शेवटच्या २० गुणांकडे वळू. परीक्षा मंडळाने मुलांना सात प्रश्न दिले होते. आपल्या शब्दांत सांगायचे तर ते असे:

१. या प्रकारच्या खऱ्या सिनेमांचे जे प्रघात आहेत, ते तुम्ही कुठे पाळले, कुठे वाढवले, कुठे मोडले?

२. समाजातले कोणते लोक तुम्ही दाखवले आणि कसे दाखवले?

३. असा सिनेमा कोणती संस्था वितरित करील आणि का?

४. तुमचा प्रेक्षक कोण?

५. त्याला ओढून घेण्यासाठी तुम्ही काय केलंत?

६. हे करताना तंत्राविषयी काय शिकलात?

७. पहिल्या सरावापासून इथपर्यंत तुमच्यात काय फरक पडला?

प्रश्न सोपे दिसतात, पण उत्तरांत मुलं घसरतात. "आम्ही खूप मेहनत घेतली, आम्हाला खूप मजा आली, वेळ कमी पडला." हे मूल्यमापन नव्हे, ही सहलीवरची निबंधवही झाली! उत्तरात नेमका शॉट हवा, तो तसा का घेतला हे हवं, आणि प्रेक्षकावर त्याचा परिणाम काय झाला हेही हवं. "पहिल्या जोडणीत प्रेक्षकाला वाटलं की वीज गेली. म्हणून आम्ही ओठांचा शॉट आधी आणला. नंतर पाहणाऱ्यांना न सांगता कारण कळलं." हे खरं उत्तर. चूक झाली म्हणून गुण जात नाहीत. चूक कशी ओळखली आणि काय केलं, यालाच गुण असतात.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांत व्यवहार येतो. मुलं बेधडक लिहितात, की आमचा सिनेमा हॉलिवूडची मोठी कंपनी घेईल. पण बॅटमॅन-सुपरमॅनचं डी.सी. वॉर्नरकडे आहे, मार्व्हल २००९ मध्ये डिस्नेने विकत घ्यायचं ठरवलं. त्यांच्या घरी स्वतःचेच नायक रांगेत उभे असताना लाँड्रीतली मुलगी ते कशाला घेतील? २०११ मध्ये 'अटॅक द ब्लॉक' नावाचा ब्रिटिश सिनेमा आला. दक्षिण लंडनच्या वस्तीतली पोरं परग्रहावरच्या प्राण्यांशी लढतात. त्याच्यामागे 'फिल्मफोर' ही संस्था होती. असं उदाहरण दिलं की उत्तराला वजन येतं.

प्रेक्षकाचं वयही असंच. ब्रिटनमध्ये २००२ साली 'स्पायडर-मॅन'ला '१२' असं प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे बाराच्या आतल्या पोरांना बंदी. ज्यांच्यासाठी तो सिनेमा, तीच पोरं दाराबाहेर! काही गावांच्या नगरपालिकांनी आपला अधिकार वापरून त्यांना आत सोडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे '१२ए' ही नवी वर्गवारी आली. त्यात मोठ्या माणसाबरोबर लहान मुलांनाही जाता येतं. तेव्हा "आमचा सिनेमा सर्वांसाठी" असं मोघम लिहून चालत नाही.

आणि आई कुठे आहे?

दुसरा प्रश्न मात्र आपला, बायकांचा. सुपरहिरोंच्या सिनेमांत आई कुठे असते, याचा कधी विचार केलात? बॅटमॅनची आई त्याच्या डोळ्यांदेखत मारली जाते. सुपरमॅनची जन्मदाती आपल्या ग्रहाबरोबर नष्ट होते. स्पायडर-मॅनला आईबाप नाहीत, मे काकू त्याला वाढवते. जणू आई जिवंत असली तर पोराला पराक्रमच करता येणार नाही! आणि मुलांच्या घरगुती सिनेमात आई असते ती दाराआडच्या आवाजापुरती: "जेवायला ये!"

काळ थोडा बदलला आहे. १९४१ मध्ये चित्रकथेत आलेल्या वंडर वुमनवर २०१७ मध्ये मोठा सिनेमा निघाला आणि तो पॅटी जेन्किन्स या बाईंनी दिग्दर्शित केला. २०२२ च्या 'मिस मार्व्हल' या मालिकेची सुरुवात तर नायिकेने स्वतः घरी बनवलेल्या व्हिडिओनेच होते. ही कमला खान अमेरिकेतल्या पाकिस्तानी घरातली मुलगी. आई धाक दाखवणारी, काळजी करणारी, अगदी आपल्यातली. आणि शेवटच्या भागात मुलीच्या हाती तिचा खास पोशाख देते ती आईच!

तुमच्या मुलामुलीच्या सिनेमात आई असेल तर जरूर विचारा, "ती काय करते?" टोमणा म्हणून नव्हे, खरोखर जाणून घ्यायला. आणि मुलगी फक्त वाचवली जाण्यासाठीच असेल, तर तेही विचारा. मुलं वाईट हेतूने असं करत नाहीत. पाहिलेलं उतरवतात, इतकंच. कुणी विचारलं म्हणजे त्यांच्या ध्यानात येतं.

पाहायला बसण्यापूर्वी

शेवटी काही साध्या सूचना. हातातलं काम खाली ठेवा. भाजी निवडत निवडत पाहिलेल्या सिनेमाचं मत देऊ नका. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे! पाहण्याआधी मुलांना गोष्ट सांगू देऊ नका. एकदा गप्प बसून पाहा. मग सांगा: कोण दिसलं, कुठे घडलं, काय झालं, कशामुळे झालं, आणि पुढे काय होईल असं वाटतं. या पाच उत्तरांत मुलांना जे कळायचं ते कळतं. एखादी जागा खरोखर आवडली तर तीही नेमकी सांगा. "नाणं उभं राहिलं तेव्हा माझाच श्वास थांबला," या वाक्याने पोरांना जेवढा हुरूप येईल तेवढा कुठल्याही शाबासकीने येणार नाही. आजीलाही बसवा, धाकट्यालाही बसवा. तिघांना एकच जागा कळली नाही, तर दोष पाहणाऱ्यांचा नव्हे.

आणि मुलांनी तुमचं ऐकून काही बदललं नाही तर रुसू नका. सिनेमा त्यांचा आहे. तुम्ही शीत चाचपून सांगायचं. भात आणखी शिजू द्यायचा की उतरवायचा, हे ज्याने चुलीवर ठेवलाय त्याने ठरवावं.